औषधरोधी जंतुसंसर्ग, अत्यवस्थ बालकांतील

रुग्णालयाच्या अतिदक्षता कक्षात दाखल असलेल्या अत्यवस्थ बालकांस, विशेषेकरून अपुऱ्या दिवसांच्या नवजात अर्भकांस, जडणारे आणि नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद न देणारे सूक्ष्मजंतुजन्य विकार. रक्तात पसरणारा संसर्ग म्हणजे सेप्सिस, श्वसनयंत्रावर असताना होणारा न्यूमोनिया आणि मस्तिष्कावरणदाह हे त्यांचे प्रमुख प्रकार होत. क्लेबसिएला, ॲसिनेटोबॅक्टर, ई. कोलाय व स्यूडोमोनस हे मुख्य कारक जंतू.

मातेच्या रक्तातील प्रतिपिंडे गर्भाकडे मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत जातात. त्याआधीच जन्मास आलेल्या मुलापाशी ही शिदोरी जेमतेमच असते, आणि नाळेतून, शिरेतून वा श्वासनलिकेत घातलेल्या ज्या नळ्यांवर त्याचे प्राण अवलंबून असतात, त्यांच्याच आतल्या अंगास जंतू चिकट थर धरून औषधापासून सुरक्षित राहतात.

औषधाचे विघटन करणारी विकरे निर्माण करून किंवा औषध पेशीबाहेर लोटून जंतू प्रतिकार करतात. खरा अनर्थ असा की, या प्रतिकाराची जनुके प्लास्मिडांच्या (जंतूंच्या पेशीतील डीएनएच्या सुट्या वलयांच्या) द्वारे एका जातीच्या जंतूकडून दुसऱ्या जातीकडे जातात, आणि म्हणून एका अर्भकावर केलेल्या इलाजाचे परिणाम शेजारच्या उबदार पेटीतील (इन्क्युबेटरमधील) अर्भकास भोगावे लागतात. कार्बापेनेम वर्गाची औषधे निष्प्रभ करणारे एनडीएम-१ हे विकर दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रुग्णाच्या २००८ सालच्या तपासणीतून उजेडात आले. मूत्रपिंडास अपायकारक म्हणून बाजूस सारलेले कोलिस्टिन हे प्रतिजैविक अशा औषधरोधी जंतूंमुळे पुन्हा वापरात आणणे भाग पडले; त्यालाही निष्प्रभ करणारे, प्लास्मिडावरून पसरणारे जनुक २०१५ साली चीनमध्ये नोंदले गेले.

दिल्लीतील तीन मोठ्या रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात १३,५३० नवजातांची जी पाहणी झाली, तिचे निष्कर्ष मन विषण्ण करणारे आहेत. ॲसिनेटोबॅक्टर हा सर्वाधिक आढळलेला जंतू असून त्याचे ८२ टक्के नमुने बहुऔषधरोधी होते, आणि ज्यांच्या रक्तात जंतू सिद्ध झाले त्यांपैकी जवळजवळ निम्मी बालके दगावली. याहूनही विचारात घेण्याजोगी बाब निराळी आहे. जन्मानंतरच्या पहिल्या ७२ तासांतील संसर्ग मातेकडून व त्यानंतरचा रुग्णालयातून, असा पाठ्यपुस्तकांचा दंडक. परंतु येथे सुमारे दोन तृतीयांश संसर्ग त्या पहिल्या ७२ तासांतच झाले होते, आणि दोन्ही कालखंडांतील जंतू मात्र बव्हंशी तेच होते. तेव्हा आरंभीचे संसर्गही रुग्णालयातलेच असण्याचा संभव धरून तपास अतिदक्षता कक्षाच्या दारापाशी न थांबता प्रसूतिगृहापर्यंत, तेथील हातांपर्यंत व उपकरणांपर्यंत गेला पाहिजे.

निदानाची अडचणही लहान नव्हे. किलोभर वजनाच्या अर्भकाच्या अंगात सारे मिळून ८०-९० मिलिलिटर रक्त. त्यातून मिलिलिटरभर काढून कल्चरला पाठवावयाचे, अहवालास एकदोन दिवस लागावयाचे, आणि तोवर मूल हातचे जाऊ नये म्हणून अंदाजानेच औषध सुरू करावयाचे, हा रोजचा प्रसंग. पुढे कल्चरमध्ये काही उगवले नाही आणि मूल सुधारत असले, तर औषध बंद करणे शास्त्रशुद्ध असते. पण मागे दगावलेल्या बाळांची आठवण ठेवणाऱ्या वैद्याचा हात तेथे अडखळतो, आणि दिवसामागून दिवस औषध चालू राहून कक्षातील प्रतिकारक्षम जंतूंनाच वाव मिळतो.

प्रतिबंधाचे उपाय साधे, पण त्यांचा अंमल खर्चाचा आहे: प्रत्येक स्पर्शापूर्वी हात निर्जंतुक करणे, नळी गरज संपताच काढणे, एका पेटीत दोन बाळे न ठेवणे, मातेचे दूध व तिच्या उघड्या छातीची ऊब देणे. ज्या कक्षात एकाच परिचारिकेकडे पुष्कळ अर्भके सोपवलेली असतात, तेथे हात धुण्यात हयगय झाली म्हणून तिला दोष देणे अन्यायाचे आहे. ती कसूर मनुष्यबळाची तजवीज न करणाऱ्यांची होय.