काचेवरचा कर आणि खिडकीतली दुसरी काच

एडिनबराच्या न्यू टाउन भागात एखाद्या जुन्या घरासमोर उन्हे कलताना उभे राहिले, की खिडक्यांमध्ये एक गंमत दिसते. एका तावदानातले आकाश पाण्यासारखे हलते, शेजारच्या तावदानातले मात्र आरशासारखे सपाट असते. हलणारी काच बहुधा जुनी, फुंकून केलेली. सपाट काच नंतर कधीतरी बदललेली. आजचा हा धागा त्या हलणाऱ्या काचेबद्दल आहे आणि तिला थंडीपासून वाचवावे की थंडीच्या नावाखाली घालवावे, या वादाबद्दल.

ब्रिटनमधील जुन्या घरात राहणाऱ्यांपुढे आज साधारणपणे दोन मार्ग असतात. पहिला डबल ग्लेझिंगचा. यात जुनी काच, आणि बहुतेकदा तिची लाकडी चौकटही, काढून दोन काचांमध्ये हवा किंवा वायू बंदिस्त केलेले एकक बसवतात. दुसरा सेकंडरी ग्लेझिंगचा. यात मूळ खिडकीला हात न लावता खोलीच्या बाजूने आणखी एक खिडकी उभी करतात. वरवर पाहता हा सुताराचा आणि पैशाचा प्रश्न आहे. परंतु जुन्या खिडकीत दुहेरी काच सहजी का मावत नाही, याचे उत्तर शोधू लागलो की आपण थेट अठराव्या शतकातील करवसुलीच्या दप्तरात पोहोचतो.

इंग्लंडमध्ये १६९६ साली, तिसऱ्या विल्यमच्या काळात, खिडक्यांवर कर आला. तो १८५१ पर्यंत टिकला. विटांनी बुजवलेली प्रत्येक खिडकी या करामुळेच बुजली असे पर्यटकांना हौसेने सांगितले जाते. प्रत्यक्षात त्यांपैकी अनेक केवळ दर्शनी भागाच्या सममितीसाठी पहिल्यापासूनच आंधळ्या बांधल्या होत्या. आपल्या विषयासाठी अधिक महत्त्वाचा कर दुसराच आहे. १७४६ पासून काचेवर उत्पादन शुल्क लागू झाले आणि ते वजनावर आकारले जाई. काच जितकी जड, तितका कर अधिक. हे शुल्क १८४५ मध्ये रॉबर्ट पील यांच्या सरकारने रद्द केले. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षे पातळ काच करणे हाच शहाणपणाचा व्यवहार होता.

पातळ आणि तजेलदार काच देणारी रीत होती ‘क्राउन’ काचेची. कारागीर वितळलेल्या काचेचा मोठा फुगा फुंकी, तो दुसऱ्या लोखंडी दांड्यावर घेई आणि भट्टीच्या तोंडाशी गरगर फिरवी. फिरता फिरता फुगा एकाएकी उघडे आणि त्याची चार-पाच फूट व्यासाची चकती होई. चकतीतून तावदाने कापली जात. मधला जाड ‘डोळा’ स्वस्तात जाई. अशा काचेवर चकतीच्या फिरण्याच्या कमानदार रेषा राहतात. आकाश हलते ते त्यांच्यामुळे.

काच हलकी, म्हणून तिला धरणाऱ्या लाकडी पट्ट्याही बारीक करता आल्या. अठराव्या शतकाच्या आरंभी या पट्ट्या दीड-दोन इंच रुंद असत. शतक संपता संपता त्या अर्ध्या-पाऊण इंचावर आल्या. अधिक प्रकाशाची हौस आणि सुतारांचे कौशल्य ही कारणेही त्यात होतीच. शुल्क उठल्यावर मोठ्या, जड काचा आल्या आणि सरकत्या झडपांचे सांधे बळकट करण्यासाठी त्यांच्या कोपऱ्यांना खाली छोटी ‘शिंगे’ ठेवू लागले. जुन्या वस्तीत फिरताना हे ध्यानात ठेवावे: शिंगे दिसली, तर ती झडप बहुधा १८४० नंतरची.

आता अडचण स्पष्ट होते. दोनेक मिलिमीटर काचेसाठी घडवलेल्या पट्टीत २४ मिलिमीटर जाडीचे आधुनिक एकक बसवायचे, तर पट्टी जाड करावी लागते. पट्टी जाड झाली की खिडकीचा चेहरा बदलतो, आणि वजन वाढले की झडपेला तोलणारी आतली वजनेही बदलावी लागतात.

दुहेरी एकक हे मुळात अमेरिकेचे अपत्य. न्यूयॉर्कच्या थॉमस स्टेटसन यांनी त्याचे पेटंट १८६५ मध्ये घेतले. विसाव्या शतकाच्या मध्याकडे ‘थर्मोपेन’ या नावाने ते बाजारात रुळले. ब्रिटनमध्ये त्याची लाट आली ती १९७३ च्या तेलसंकटानंतर, आणि पुढे प्लॅस्टिकच्या चौकटींनी गल्लीच्या गल्ल्या बदलून टाकल्या. खिडकीमागे खिडकी ही कल्पना मात्र पुष्कळ आधीची. व्हिएन्नातील जुन्या घरांत पेटीसारख्या खोल चौकटीत दोन स्वतंत्र खिडक्या असतात. रशियात हिवाळा आला की आतून दुसरी चौकट लावून मध्ये कापूस भरत आणि हवेसाठी ‘फोर्तोच्का’ नावाची इवलीशी झडप ठेवत. सेकंडरी ग्लेझिंग ही आधुनिक तडजोड नव्हे, ते थंड देशांचे जुनेच शहाणपण आहे.

उष्णतेचे गणित काय सांगते? स्कॉटलंडच्या वारसा खात्यासाठी ग्लासगो कॅलेडोनियन विद्यापीठाने २००८ च्या सुमारास जुन्या सरकत्या खिडकीवर मोजमापे केली. सेकंडरी ग्लेझिंगने काचेतून जाणारी उष्णता सुमारे ६३ टक्क्यांनी घटली, जुन्याच झडपेत बसवलेल्या दुहेरी काचेने सुमारे ७९ टक्क्यांनी. दुहेरी काच जिंकते, हे मान्यच करावे लागेल. पण त्याच चाचणीत खिडकीच्या मूळ लाकडी दारांनी, रात्री नुसती लावून घेतल्यावर, उष्णतेची गळती जवळजवळ निम्मी केली होती. अडीचशे वर्षांपूर्वीच्या सुताराने ही सोय घरातच ठेवली होती, आणि सेकंडरी ग्लेझिंग निष्काळजीपणे बसवले तर नेमकी हीच दारे मिटेनाशी होतात. काच वाचवण्याच्या नादात दारे गमावलेली घरे कमी नाहीत.

आवाजाच्या बाबतीत पारडे फिरते. गोंगाट अडवायला दोन काचांमध्ये शंभर मिलिमीटर किंवा त्याहून अधिक अंतर लागते. ते बंदिस्त एककात मिळत नाही, वेगळ्या खिडकीत सहज मिळते. बाष्पाचे मात्र सांभाळावे लागते. आतली खिडकी घट्ट आणि बाहेरची किंचित श्वास घेणारी हवी, नाहीतर मधल्या जागेत दव साचून लाकूड कुजते. बंदिस्त एककाचे दुखणे वेगळे: वीस-पंचवीस वर्षांत त्याची कडा सैल पडली, की दोन काचांच्या आत कायमचे धुके बसते आणि संपूर्ण एकक बदलावे लागते.

माझे मत विचाराल तर ते खिडकीगणिक बदलेल. ज्या झडपांतली काच विसाव्या शतकात आधीच बदलली गेली आहे, तिथे बारीक दुहेरी काच बसवायला विरोध करणे हा निव्वळ हट्ट आहे. पण क्राउन काच शाबूत असेल, तर सेकंडरी ग्लेझिंगच. ते कधीही काढता येते आणि मागे मूळ खिडकी जशीच्या तशी उरते. नोंदलेल्या वारसा इमारतींत खिडकी बदलण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते, ती याच कारणासाठी. क्राउन काचेचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन केव्हाच थांबले आहे, आणि १९५९ मध्ये पिल्किंग्टन कंपनीने जाहीर केलेल्या फ्लोट पद्धतीच्या काचेत, वितळलेल्या कथिलावर तरंगत आल्यामुळे, आकाश अगदी स्थिर दिसते.