रोड, लठ्ठ आणि साडेअकरा सेंटिमीटर

पालघर जिल्ह्यात शरीराच्या आकारासाठी आज दोन निरनिराळ्या परिभाषा नांदतात. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक पट्ट्यात कामगाराच्या वैद्यकीय तपासणीच्या कागदावर ‘ओव्हरवेट’ असा शेरा पडतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला, जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपट्ट्यात, अंगणवाडीच्या नोंदवहीत मुलांच्या नावांपुढे ‘सॅम’ आणि ‘मॅम’ लिहिले जाते. हे सगळे शब्द इंग्रजीतून आले आणि सगळे मोजपट्टीच्या आधारावर उभे आहेत. आजचा धागा या शब्दांच्या वंशावळीचा.

प्रथम इंग्रजीचे घर पाहू. ‘स्टाउट’ हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला तेव्हा त्याचा अर्थ होता गर्विष्ठ, शूर. पुढे तो बळकट माणसाला लागला आणि एकोणिसाव्या शतकात ‘लठ्ठ’ म्हणण्याची सभ्य पळवाट ठरला. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, म्हणजे नेमका या स्थित्यंतराच्या काळातला. त्यात ‘स्टाउट’ भेटला तर तो धष्टपुष्ट की स्थूल, हे वाचणाऱ्याने दरवेळी पारखून घ्यावे. ‘स्लिम’ डचमधून आला. तिथे त्याचा मूळ अर्थ वाकडा, तिरपा. आजच्या डचमध्ये तो ‘हुशार’ आहे आणि त्याचा जर्मन भाऊ ‘वाईट’. ‘बक्सम’ म्हणजे आरंभी आज्ञाधारक, वाकणारी व्यक्ती. तो भरल्या अंगाच्या स्त्रीचे विशेषण कसा झाला, यावर वेगळा धागा होईल.

सर्वांत विलक्षण कथा मात्र ‘ओबीस’ची. लॅटिन ‘ओबेसुस’ म्हणजे खाऊन खाऊन माजलेला. पण लेव्हियस नावाच्या एका प्राचीन कवीने हाच शब्द ‘झिजून गेलेला, कृश’ या अर्थी वापरल्याची नोंद दुसऱ्या शतकातील ऑलस गेलियसने केली आहे. खाल्लेला आणि खाल्ला गेलेला, दोघांना एकच शब्द. हा तपशील लक्षात असू द्या.

मराठीतील शब्द वर्णन कमी आणि निवाडा अधिक करतात. ‘काटक’ ही स्तुती, ‘काटकुळा’ ही टिंगल; शरीर कदाचित तेच. ‘खात्यापित्या घरचा’ म्हणताना आपण देह पाहतो आणि घराची ऐपत सांगतो. माणूस लठ्ठ असला तर हसतो, पगार लठ्ठ असला तर हेवा करतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात निंद्य मानलेल्या आठ शरीरांत अतिस्थूल आणि अतिकृश दोन्ही आहेत, आणि दोहोंत कृशता बरी, असा कौल आहे. कारण स्थूलतेवर उपचार करणे अधिक कठीण. आणि मग आपली ती प्रसिद्ध म्हण: धट्टीकट्टी गरिबी, लुळीपांगळी श्रीमंती. ही म्हण ज्या कोणी रचली असेल, त्याने पावसाळ्यातला मोखाडा पाहिला नसावा. तिथे कणग्या रिकाम्या होण्याचे महिने ठरलेले असतात आणि त्या महिन्यांच्या उसन्या धान्याला ‘खावटी’ असे स्वतंत्र नावच आहे.

वसाहतकाळात निवाड्याला शास्त्राचा पोशाख चढला. जेम्स कॅम्बेल यांच्या देखरेखीखाली १८८२ मध्ये सिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये एकेका जातीजमातीचा वर्ण, बांधा, केस यांचे वर्णन येते. उपजीविकेचे, दारिद्र्याचे तपशीलही तिथे आहेत, हे मान्य केले पाहिजे. परंतु बांध्याचे विशेषण संपूर्ण जमातीला चिकटते, जणू तो तिचा स्वभावच. अंग पौषात भरलेले असते आणि श्रावणात उतरते, हे अशा विशेषणात मावत नाही.

विशेषणाची जागा आकड्याने घेतली ती विसाव्या शतकात. १९५६ मध्ये मेक्सिकोचे फेडेरिको गोमेझ यांनी वयानुसार अपेक्षित वजनाच्या टक्केवारीवर कुपोषणाच्या श्रेणी मांडल्या. १९७२ मध्ये भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने आपले वर्गीकरण केले: अपेक्षित वजनाच्या ८० टक्क्यांपर्यंत पहिली श्रेणी, ७० पर्यंत दुसरी, ६० पर्यंत तिसरी, ५० व त्याखाली चौथी. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि ‘तिसऱ्या-चौथ्या श्रेणीचे मूल’ हा प्रयोग पुढे सरकारी मराठीत रुळला. श्रेणी, म्हणजे एरवी आपण परीक्षेत मिळवतो ती.

१९९२-९३ मध्ये तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील जव्हार तालुक्यात, वावर-वांगणी येथे शंभराहून अधिक बालके दगावली. तेव्हापासून ‘कुपोषण’ हा पाठ्यपुस्तकी शब्द वृत्तपत्रांच्या मथळ्यांत कायमचा वस्तीला आला. माझे मत असे की या शब्दाने मिळवून दिले तेवढेच हिरावूनही नेले. ‘उपासमार’ म्हटले की ती कोणामुळे झाली, हा प्रश्न ओठांवर येतो. ‘कुपोषित’ हे मात्र मुलाचे विशेषण आहे. दोष जणू त्याच्याच अंगात. मग मृत्यू कुपोषणाने झाला की न्यूमोनियाने की जुलाबाने, असा वाद घालता येतो, आणि तो वारंवार घातला गेला. उपाशी देहाला न्यूमोनिया पेलवत नाही, एवढे साधे सत्य त्या वादात बाजूला पडते.

याच परिभाषेत दोन सुंदर मराठी शब्दही आहेत: सुकटी आणि सूजवटी. सुकटीत मूल वाळत जाते. सूजवटीत अंगावर सूज येते, गाल आणि पाय भरल्यासारखे दिसतात. ‘ही सूज आहे, बाळसे नव्हे’ असे आपण बाजारभावांबद्दल किंवा राजकीय पक्षांबद्दल सहज बोलतो. जव्हारच्या डॉक्टरला हे वाक्य शब्दशः उच्चारावे लागते. सूजवटीला जगभर ‘क्वाशिओरकोर’ म्हणतात. तो शब्द आजच्या घानातील गा भाषेतला. धाकटे भावंड आल्यावर थोरल्याला जडणारा आजार, असा त्याचा आशय. १९३५ मध्ये सिसिली विल्यम्स यांनी तो वैद्यकात आणला. ज्या मातांनी तो घडवला, त्यांना कारण आधीच ठाऊक होते.

आता ‘सॅम’, म्हणजे तीव्र कुपोषित. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरहून कमी भरला की पट्टी लाल रंग दाखवते. ही रेषा आधी अकरा सेंटिमीटरवर होती. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी ती साडेअकरावर नेली. सव्वाअकरा सेंटिमीटर दंड असलेले मूल जुन्या रेषेने शब्दाबाहेर होते, नव्या रेषेने आत आले. शब्दात बसणे म्हणजे विशेष आहार आणि उपचार यांवर हक्क सांगता येणे.

किनाऱ्यावरच्या ‘ओव्हरवेट’चीही रेषा अशीच सरकती आहे. वजन आणि उंचीचे हे गुणोत्तर बेल्जियन खगोलशास्त्रज्ञ केटले यांनी १८३० च्या दशकात मांडले. त्याला ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव १९७२ मध्ये अमेरिकेच्या अँसेल कीज यांनी दिले. याच कीज यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस छत्तीस स्वयंसेवकांना अर्धपोटी ठेवून उपासमारीचा अभ्यास केला होता! जगासाठी अतिवजनाची रेषा २५ वर आहे. भारतीयांसाठी तज्ज्ञांनी ती २००९ मध्ये २३ वर आणली.

ती का आणावी लागली, याच्या उत्तराचा एक मोठा भाग पुण्यात आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील गरोदर माता व त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. ही बाळे सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधील साउथॅम्प्टनची ३.५ किलोंची. पुण्याच्या बाळांचे स्नायू कमी होते, चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. अशा बांध्याला ‘थिन-फॅट’ हे नाव मिळाले. दिसायला रोड, आतून स्थूल, आणि पुढे मधुमेहाचा धोका अधिक. लेव्हियसचा दुहेरी शब्द दोन हजार वर्षांनी प्रयोगशाळेतून परत आला.

मोखाडा-विक्रमगडची माणसे कामासाठी खाली उतरतात, काही वीटभट्ट्यांवर, काही बोईसरच्या कारखान्यांत. लहानपणी ज्याच्या दंडाला पट्टी बांधली गेली, तो तिशीत तिथल्या वजनकाट्यावर उभा राहू शकतो. आकडा तेवीसच्या आत आला, तर कागदावर ‘नॉर्मल’ उमटते. जन्मवजनाचा रकाना त्या कागदावर सहसा नसतो.