कुदळीने आणलेली नदी

बँकॉकमधल्या साथोनच्या धक्क्यावर सकाळी होडीच्या आधी शिट्टी येते. मागच्या टोकाला एक खलाशी दोर घेऊन उभा असतो आणि तोंडातल्या शिट्टीने तांडेलाशी बोलत असतो. तांडेल पार पुढे बसलेला, त्याला मागचं काही दिसत नाही. थोडं मागे घे, अजून, आता थांब, चढले सगळे, आता सोड, हे सगळं तो शिट्टीच्या लांबीवरून ओळखतो. दोराचा एकच वेढा खुंट्याला पडतो, अर्ध्या मिनिटात तीस-चाळीस माणसं उतरतात, तेवढीच चढतात आणि होडी पाणी कापत निघते. शाळेची मुलं, कचेरीतले लोक, फुलांच्या टोपल्या घेतलेल्या बायका, भगव्या वस्त्रांतले भिक्खू. भिक्खूंसाठी जागा राखलेली असते. नारिंगी झेंड्याच्या होडीला आम्ही गेलो तेव्हा कुठूनही कुठेही १६ बाट पडत.

आमची लेक नोकरीनिमित्त बँकॉकला असते. गेल्या कार्तिकात मी आणि सौ. तिच्याकडे तीन आठवडे राहिलो. लेकीने येताक्षणी आकाशरेल्वेचं कार्ड हातात ठेवलं, पण मला नदी दिसली आणि मी रोज सकाळी धक्क्यावर जाऊ लागलो. माझी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात झाली, त्यातली बरीचशी नीरा डाव्या कालव्यावर. पाणी दिसलं की उतार किती, काठ कसला, गाळ कुठे बसतो हे डोळा आपोआप बघतो. ती सवय निवृत्तीनंतरही जात नाही.

तिसऱ्या दिवशी डोळ्याला काहीतरी खुपलं. चाओ फ्राया ही सपाट मैदानातली नदी. वर-खाली सगळीकडे ती सापासारखी वळणं घेत जाते. मऊ चिकणमातीत, जवळजवळ उतारच नसलेल्या मुलखात नदीने असंच जायचं असतं. पण अरुणाचं देऊळ ते सिरिराज इस्पितळ या पट्ट्यात, म्हणजे राजवाड्याच्या अगदी समोर, तिला म्हणण्यासारखं वळणच नाही. संध्याकाळी लेकीच्या घरी नकाशा पसरला. नदीच्या पश्चिम काठाला दोन कालव्यांची तोंडं दिसली, एक देवळाच्या जरा खाली, एक इस्पितळाच्या वर. दोन्ही आत शिरतात आणि पश्चिमेला मोठा फेरा घेऊन एकमेकांना मिळतात. त्या फेऱ्यावर बोट फिरवलं आणि उलगडा झाला. जुनी नदी ती होती, आणि मी तीन दिवस होडीतून फिरत होतो तो कालवा होता.

इतिहासाच्या पुस्तकांत ही गोष्ट सरळ सांगितलेली आहे. राजधानी तेव्हा वर अयुथ्येला होती. समुद्रातून येणाऱ्या गलबतांना या घोड्याच्या नालेसारख्या वळणावर फार वेळ लागे. म्हणून राजा चैराचाने १५४२ च्या सुमारास वळणाच्या दोन्ही टोकांमधली निमुळती जमीन छेदून आडवाट खोदून घेतली. लांबी जेमतेम दोन-तीन किलोमीटर. तिथे तेव्हा बांग कोक नावाचं गाव होतं. बांग म्हणजे पाण्याकाठची वस्ती आणि माकोक म्हणजे आपला आंबाडा. बँकॉकचा अर्थ बहुतेक जण असाच लावतात. कोकणी माणसाने त्याला आंबाड्याची वाडी म्हटलं असतं.

पुढे काय झालं ते सांगायला माझ्या खात्यातला कुठलाही मिस्त्री पुरेल. पाण्याची उतरण तेवढीच, पण लांब फेऱ्याऐवजी ती आखूड वाटेत आली, म्हणजे उतार वाढला. उतार वाढला की वेग वाढतो. आमच्याकडे म्हणतात, जास्त उतार दिला तर चारी खात जाते, आधी तळ खाते, मग काठ. इथे खायला मऊ चिकणमाती होती आणि वरून पावसाळ्याचा पूर होता. होड्यांसाठी काढलेला चर नदीने पकडला आणि रुंद करून टाकला. जुन्या पात्रातलं पाणी मंदावलं, गाळ बसत गेला आणि नदीचा कालवा झाला. त्याच्या दोन तुकड्यांना आज बांकॉक याई आणि बांकॉक नोई म्हणतात, म्हणजे थोरलं बँकॉक आणि धाकटं बँकॉक. राजवाडा, बुद्धाची सुवर्णमंदिरं, आजची सगळी छायाचित्रं ज्या नदीकाठची आहेत तो काठ माणसाने घडवलेला आहे.

बांकॉक याईच्या तोंडाशी एक पांढरा बुटका किल्ला आहे. विचयप्रसित म्हणतात त्याला, आपण विजयप्रसिद्ध म्हणू. नव्या वाटेने येणारं प्रत्येक गलबत याच्या तोफांखालून जाई. १६८८ साली या भागात फ्रेंच शिबंदी होती. सयामी फौजेने तिला वेढा घातला आणि वर्षअखेर ती देशाबाहेर गेली. पुढे १७६७ मध्ये ब्रह्मी फौजांनी अयुथ्या जाळली, तेव्हा ताकसिन राजाने याच काठावर, थोनबुरीत, राजधानी केली. १७८२ साली पहिला राम म्हणून ओळखला जाणारा राजा गादीवर आला आणि समोरच्या, पूर्वेच्या काठावर गेला. आपल्याकडे साळबाईचा तह झाला तेच हे वर्ष. तिकडे मोकळी सपाटी होती, आणि ब्रह्मी शत्रू यायचा तो पश्चिमेकडून, म्हणजे मध्ये नदीचा खंदक मिळत होता.

त्या राजाने शहराला जे नाव दिलं ते होडीत बसून मनाशी म्हणावं. थाई उच्चार बाजूला सारले की आतले शब्द आपलेच निघतात: देवनगरी, महानगर, अमर, रत्न, महेंद्र, अयोध्या, महातिलक, नवरत्न राजधानी, रम्य पुरी, उत्तम राजनिवेशन, महास्थान, अमर विमान. आणि शेवटी, शक्राने दिलेली, विश्वकर्म्याने बांधलेली. घरी सौ.ना हे एकेक शब्द सोडवून दाखवताना मला लहानपणी श्लोकाचा अन्वय लावायचो ते आठवलं.

पण ही पुरी विश्वकर्म्याने बांधलेली नाही, आणि मला सगळ्यात जास्त याबद्दलच बोलायचं आहे. दुसऱ्याच वर्षी शहराच्या पूर्वेला खंदक खोदायला घेतला. त्यावर दहा हजार ख्मेर माणसं लावली होती, असं त्यांच्याच बखरीत लिहिलेलं आहे. तटबंदीसाठी पाच हजार लाओ आणले. ही माणसं लढायांतून, मांडलिक मुलखांतून ओढून आणलेली. खुद्द सयामी रयतेचीही सुटका नव्हती. अयुथ्येच्या काळात सामान्य माणसाला वर्षाचे सहा महिने राजाची वेठ करावी लागे, पहिल्या रामाने ती चार महिन्यांवर आणली, दुसऱ्याने तीनवर. कालवे, तट, देवळं सगळी त्या महिन्यांतून उभी राहिली.

मी १९७२ च्या दुष्काळात नुकता नोकरीला लागलो होतो. पाझर तलावाच्या कामावर हजेरीपट माझ्याकडे असे. सकाळी नावं पुकारायची, संध्याकाळी प्रत्येक टोळीच्या खड्ड्याची लांबी-रुंदी-खोली टेपने मोजायची. बायका डोक्यावर घमेली घेऊन बांधावर चढत, लहान पोरं झाडाला बांधलेल्या झोळीत. एका माणसाने दिवसभर कुदळ मारली की किती माती निघते, तिसऱ्या दिवशी हाताचं काय होतं, ओली माती कोरडीपेक्षा किती जड लागते हे मी पाहिलेलं आहे. त्या कष्टाला निदान मजुरी होती, सुकडी होती. बँकॉकच्या चिखलात, कमरेएवढ्या पाण्यात, परक्या राजाच्या पहाऱ्याखाली हेच काम करणाऱ्या दहा हजारांचा हजेरीपट कोणी ठेवला असेल? संध्याकाळी नदीवर सोनेरी ऊन पडतं, लोक छायाचित्रं काढतात, आणि मला ती घमेली दिसतात.

पुढच्या पन्नास-साठ वर्षांत पद्धत बदलली. तिसऱ्या रामाने १८३७ मध्ये सेन सेप कालवा खोदायला घेतला, कंबोडियावरून व्हिएतनामशी लढाई चालली होती आणि पूर्वेला फौज, दाणागोटा पोचवायचा होता. या कामावर चिनी मजूर पैसे देऊन लावले. तीन वर्षांत कालवा बांग पाकोंग नदीपर्यंत गेला. फौजा गेल्या, कालवा राहिला आणि त्याच्या काठाने भातशेती वसत गेली. आज त्याच कालव्यातून शहराच्या पोटात नोकरदारांच्या होड्या धावतात. १९९० पासून ही सेवा चालू आहे. आम्ही फान फा धक्क्यावरून बसलो. कालवा अरुंद, पाणी काळं, समोरून दुसरी होडी आली की मोठी लाट. कडेला बसलेल्या माणसाने दोरी ओढली की प्लास्टिकचा पडदा वर येतो, सौ.नी दुसऱ्याच लाटेला ती युक्ती उचलली. तिकिटाचा माणूस होडीच्या बाहेरच्या कडेवरून, डोक्याला शिरस्त्राण घालून, एका हाताने दोर धरून चालत येतो. पूल इतके बुटके की काही ठिकाणी छतच खाली घ्यावं लागतं. वर रस्त्यावर गाड्या जागच्या जागी उभ्या होत्या आणि आम्ही पंचवीस मिनिटांत पोचलो.

रस्ते या शहरात फार उशिरा आले. १८५५ मध्ये इंग्रजांशी बाउरिंगचा तह झाला तेव्हा बँकॉकचे बरेच लोक तराफ्यावरच्या घरांत राहत. बांबूच्या तराफ्यावर घर, पुढच्या पडवीत दुकान, गिऱ्हाईक होडीतून येई. तहामागून वकिलाती आणि व्यापारी आले. त्यांनी राजाला कळवलं की आम्हाला घोडागाडी फिरवायला रस्ता नाही, त्यामुळे प्रकृती बिघडते. चौथ्या रामाने १८६२ ते १८६४ मध्ये चारोन क्रुंग हा रस्ता बांधला, नदीला समांतर. तिथून शहराने हळूहळू पाण्याकडे पाठ फिरवली. आज मोठमोठ्या बँकांच्या इमारती आहेत तो साथोन, तो सिलोम, तो राम चौथा मार्ग, या सगळ्यांच्या कडेने एकेकाळी कालवे वाहत. ते बुजवून किंवा अरुंद करून रस्ते रुंद केले. माझ्या मते ती चूक होती. सपाट, समुद्राच्या पातळीहून जेमतेम दीड-दोन मीटर उंच असलेल्या गावात कालवा ही वाहतुकीची वाट असते तशी पुराला पाय ठेवायची जागाही असते. ती घेतली की पूर घरात येतो. २०११ साली आला.

अरुणाच्या देवळाचं एक सांगायलाच हवं. त्याचा उंच मनोरा दुरून दगडी वाटतो. जवळ गेलं की कळतं, तो बश्यांच्या आणि वाडग्यांच्या तुकड्यांनी मढवलेला आहे. चीनहून येणारी जहाजं हलकी पडू नयेत म्हणून तळात चिनीमातीची भांडी भरून येत. त्यांची फुलं, पाकळ्या, वेली तिसऱ्या रामाच्या कारागिरांनी भिंतीवर बसवल्या. देऊळ सूर्याच्या सारथ्याच्या, अरुणाच्या नावाचं. सौ.नी पायरीला हात लावून नमस्कार केला.

राजहंसाच्या तोंडाची राजनौकाही पाहिली, सुफान्नहोंग, म्हणजे सुवर्णहंस. १९११ ची, एकाच सागाच्या खोडातून काढलेली, पन्नास वल्हेकऱ्यांची. ती ठेवलेली आहे बांकॉक नोईत, म्हणजे खऱ्या, जुन्या नदीत. मला ते योग्य वाटलं.

नोव्हेंबरात नदीवर जलपर्णीची बेटं वाहत येतात. तिला थाई लोक जावाची भाजी अशा अर्थाचं नाव देतात, कारण १९०१ मध्ये राजघराण्यातल्या मंडळींनी जावाहून ती शोभेसाठी आणली. आता होड्यांची पाती तिच्यात अडकतात. पुण्याच्या नद्यांकाठी राहणाऱ्याला याहून अधिक सांगायला नको.

आम्ही होतो तेव्हाच त्यांची बाराव्या महिन्याची पौर्णिमा आली. ती आपली त्रिपुरी पौर्णिमा. घरी असतो तर सौ.नी त्रिपुरवात लावली असती. तिथे लेकीने केळीच्या खांबाच्या चकतीवर पानांच्या घड्या टाचून द्रोण केला, त्यात झेंडू, उदबत्ती, मेणबत्ती. धक्क्यावर शेकडो माणसं गुडघ्यावर बसून असे द्रोण सोडत होती. लेकीच्या शेजारीणबाई म्हणाल्या, वर्षभर आम्ही नदीचं पाणी वापरलं, तिच्यात घाण टाकली, म्हणून तिची क्षमा मागायची. कोणाची, म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, फ्रा मे खोंगखा. गंगामाईची. नदीला थाईत मे नाम म्हणतात. मे म्हणजे आई, नाम म्हणजे पाणी.

परतायच्या आदल्या दिवशी हट्टाने शहराच्या खाली लात फो पाहायला गेलो. तिथे नदी बांग काचाओभोवती १८ किलोमीटरचा फेरा घेते. त्या वळणाच्या मानेवर ६०० मीटरचा जुना कालवा आहे. आजच्या इंजिनिअरांनी तो रुंद करून दारं बसवली. ओहोटीला दारं उघडतात, पुराचं पाणी सरळ समुद्राकडे पळतं. भरती आली की दारं पाडतात, खारं पाणी वर चढू देत नाहीत. चैराचाच्या खोदाईला दारं नव्हती, म्हणून नदीच तिथून निघून गेली. दारांजवळ मी बराच वेळ उभा होतो. काम नेटकं आहे, काठाला दगडी पिचिंगही चांगलं केलंय.

तुम्ही गेलात तर नारिंगी झेंड्याच्या होडीत साथोनहून वर जाताना डाव्या हाताला बसा. अरुणाचं देऊळ मागे पडेल, मग सिरिराजचा धक्का येईल, आणि त्याच्या लगेच पुढे डावीकडे एक अरुंद तोंड दिसेल. होडी तिथे फार वेळ राहत नाही. तेवढ्यात बघून घ्या, जुनी नदी तिथून आत जाते.