महसूल, वसूल आणि परदेशातली कमाई

आमच्या भंडारा जिल्ह्यातला कोणी सौदीला जातो, कोणी दुबईला. घरी पैसे येऊ लागले की घरचे हमखास विचारतात, "सर, तिकडच्या कमाईवर इथेही टॅक्स लागतो का?" एका शब्दात उत्तर देता येत नाही, कारण या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे.

नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात 'पांढरी' नावाची पट्टी होती. शेताची जमीन काळी, वस्तीची पांढरी. शेती न करणारे विणकर, कारागीर, व्यापारी ती भरत. इंग्रजांनीही ती चालू ठेवली. पुढे १८५७ च्या उठावाने सरकारी तिजोरी रिकामी झाली, म्हणून जेम्स विल्सन यांनी १८६० मध्ये आयकर आणला. १८८६ च्या कायद्याने शेतीचे उत्पन्न त्यातून वगळले. आपल्या धानाच्या उत्पन्नावर आजही आयकर नाही, तो त्यामुळेच.

उर्दू शिकवताना मी मुलांना सांगतो, 'महसूल' आणि 'हासिल' हे एकाच अरबी धातूचे शब्द: जे मिळाले ते. 'वसूल'चा धातू वेगळा: जे येऊन पोहोचले ते. १९२२ च्या आयकर कायद्यात मुख्यतः हेच दोन प्रश्न होते. कमाई इथे झाली का? किंवा इथे वसूल झाली का? १९३९ च्या दुरुस्तीने तिसरा प्रश्न पुढे आणला: माणूस रहिवासी कुठला? रहिवासी असेल तर जगभरची कमाई हिशेबात धरायची.

१९६१ च्या कायद्यात हाच पाया राहिला. नोकरीसाठी परदेशी गेलेला भारतीय त्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी काळ भारतात राहिला, तर तो अनिवासी. मग तिकडच्या पगारावर इथे कर नाही. तो पगार आधी तिकडे हाती पडतो, नंतर घरी येतो. घरी पाठवणे म्हणजे दुसऱ्यांदा कमावणे नव्हे. मात्र भंडाऱ्यातल्या घराचे भाडे, एनआरओ खात्याचे व्याज ही इथलीच कमाई, ती करपात्र. एनआरई खात्याचे व्याज करमुक्त.

घात होतो तो पहिल्या वर्षी. एप्रिल ते सप्टेंबर हे १८३ दिवस होतात. त्यामुळे जो ऑक्टोबरनंतर विमानात बसतो, तो त्या वर्षी निवासीच राहतो आणि मार्चपर्यंतचा परदेशी पगारही इथल्या हिशेबात येतो.

अमेरिका आपल्या नागरिकावर तो कुठेही असला तरी कर लावते. आपला कायदा मुख्यतः राहण्याचे दिवस मोजतो. २०२० मध्ये एक अपवाद आला: कोणत्याच देशात कर न लागणारा आणि भारतातून १५ लाखांवर उत्पन्न असलेला नागरिक निवासी मानायचा. आखातातल्या खऱ्याखुऱ्या कामगारांसाठी ही तरतूद नाही, असे सरकारने तेव्हाच स्पष्ट केले.

म्हणून जाणाऱ्या मुलांना माझे एवढेच सांगणे: पासपोर्टवरच्या शिक्क्यांच्या तारखा जपा. कर लागेल की नाही, ते आधी त्या तारखाच ठरवतात.