आगमनकाळाचं झाड: इशायचा बुंधा

ख्रिसमस म्हटलं की दिव्यांनी सजवलेलं हिरवं झाड डोळ्यांसमोर येतं. पण ख्रिसमसच्या आधीचे चार रविवार ज्यात येतात, त्या आगमनकाळाचं खरं झाड वेगळं आहे. ते सुरू होतं तोडलेल्या बुंध्यापासून.

ही प्रतिमा यशया संदेष्ट्याची. इसवी सनापूर्वी आठवं शतक. अश्शूरचं साम्राज्य पसरत होतं; इ.स.पू. ७२२ च्या सुमारास शोमरोन पडलं, ७०१ मध्ये यरुशलेमला वेढा पडला. शत्रूच्या बागा तोडल्याचं अश्शूरी राजे शिलालेखांत अभिमानाने कोरून ठेवत. त्यामुळे कुऱ्हाड म्हणजे काय, हे यशयाच्या श्रोत्यांना समजावून सांगावं लागत नव्हतं. त्याच्या ग्रंथाच्या दहाव्या अध्यायाच्या शेवटी उंच, गर्विष्ठ झाडं कोसळतात. आणि अकराव्याच्या आरंभी इशायच्या बुंध्याला कोंब फुटतो.

आता बघा, घराणं दाविदाचं, राजाचं. मग बुंधा दाविदाचा का नाही? इशाय हा दाविदाचा बाप, बेथलेहेमचा साधा माणूस. त्याचा धाकटा मुलगा मेंढरं राखायचा. म्हणजे संदेष्टा सिंहासनाच्या मागे जातो, जिथे अजून राजा कोणी नव्हता तिथे. नवी सुरुवात तिथून.

मध्ययुगीन युरोपने या ओळीचं चित्र केलं. इशाय आडवा झोपलेला, त्याच्या अंगातून झाड उगवलेलं. आपण वंशवृक्ष म्हणतो ना, तसंच. लॅटिनमध्ये कोंबाला ‘विर्गा’ आणि कुमारिकेला ‘विर्गो’. या साधर्म्यामुळे कोंब म्हणजे मरिया आणि फूल म्हणजे येशू, असा अर्थ रूढ झाला.

सर्वांत जुन्या चित्रांपैकी एक १०८५-८६ च्या सुमाराच्या व्हिशेह्राद हस्तलिखितात आहे. बोहेमियाचा पहिला राजा व्रातिस्लाव याच्या राज्याभिषेकाशी ते जोडलं जातं. पुढे पॅरिसजवळच्या सें-देनीच्या मठात, जिथे फ्रान्सचे राजे पुरले जात, मठाधिपती सुजे याने ११४४ च्या सुमारास याच विषयाची रंगीत काचेची खिडकी बसवली. शार्त्रच्या प्रसिद्ध खिडकीत इशायच्या वर एकावर एक मुकुटधारी राजे बसलेले दिसतात. ज्या प्रतिमेने सिंहासनाला मागे टाकलं होतं, तिच्यातच सिंहासनं परत आली! त्यात श्रद्धा होतीच, पण राजघराण्यांना हे झाड सोयीचंही होतं.

उपासनेत मात्र मुळाची आठवण टिकली. १७ ते २३ डिसेंबरच्या संध्याप्रार्थनांत सात प्राचीन धावे म्हटले जातात. १९ तारखेचा धावा येशूला ‘इशायचं मूळ’ म्हणून हाक मारतो. फांद्यांवरचे राजे त्यात नाहीत. आहे ती ‘आता उशीर करू नकोस’ अशी विनवणी. आगमनकाळ म्हणजे ही वाट पाहणं.

शेवटी वेल्समधल्या ॲबरगव्हेनीच्या चर्चमध्ये जाऊ. तिथे पंधराव्या शतकात ओक लाकडातून एक भव्य इशायवृक्ष कोरला होता. फांद्या गेल्या, राजे गेले. उरला तो एकाच ओंडक्यातून कोरलेला, आडवा झोपलेला म्हातारा इशाय, आणि त्याच्या अंगातून निघणारा खोडाचा तुटका भाग. कलेच्या दृष्टीने ही हानीच. पण यशयाच्या शब्दांच्या इतकं जवळ जाणारं दुसरं शिल्प सापडणं कठीण.