मुखत्यारपत्र आणि सार्वजनिक काका

गणेश वासुदेव जोशी यांच्या चरित्रातील प्रमुख घटना मराठी वाचकास अपरिचित नाहीत. सातारा येथे १८२८ मध्ये झालेला जन्म, सरकारी कचेरीतील नोकरी, पुढे पुण्यातील वकिली, १८७० मध्ये सार्वजनिक सभेची स्थापना, १८७२ मध्ये घेतलेले स्वदेशीचे व्रत आणि २५ जुलै १८८० रोजी मृत्यू, हा क्रम अनेक इतिहासग्रंथांत आढळतो. परंतु या कार्याचा त्यांच्या व्यवसायाशी असलेला संबंध सहसा ओझरता सांगितला जातो. काकांनी वकिलीतून सवड काढून लोककार्य केले असे म्हणण्यापेक्षा, वकिलीचीच पद्धत त्यांनी लोककार्यास लावली असे म्हणणे अधिक यथार्थ होईल. प्रस्तुत टिपणात हा मुद्दा तीन शब्दांच्या आधारे मांडावयाचा आहे.

'वकील' हा मूळ अरबी शब्द फारसीच्या द्वारे मराठीत आला. पेशवाईत परक्या दरबारी राहून आपल्या धन्याची बाजू मांडणारा तो वकील. इंग्रजी अंमलात तोच शब्द न्यायालयात पक्षकाराची बाजू मांडणाऱ्यास लागला. क्षेत्र बदलले, तरी अर्थाचा गाभा कायम राहिला: वकिलाच्या बोलण्यास वजन येते ते त्याच्या स्वतःच्या थोरवीने नव्हे, तर दुसऱ्याने दिलेल्या अधिकाराने. हा अधिकार ज्या कागदाने सिद्ध होतो तो कागद म्हणजे मुखत्यारपत्र. 'मुखत्यार' हा शब्दही अरबीच असून 'निवडलेला' हा त्याचा मूलार्थ होय.

सार्वजनिक सभेचा उगम पर्वती संस्थानाच्या कारभारासंबंधी पुणेकरांत माजलेल्या असंतोषात आहे. गाऱ्हाणे खरे होते. पण ते मांडणाऱ्यास 'तुम्ही कोणाच्या वतीने बोलता?' असा प्रश्न कोणीही विचारू शकला असता. २ एप्रिल १८७० रोजी सभा स्थापन झाली तेव्हा या प्रश्नाचे उत्तर तिच्या घटनेतच देण्यात आले. सभासद होऊ इच्छिणाऱ्याने किमान पन्नास प्रौढ व्यक्तींच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे, असा नियम करण्यात आला. आरंभीच्या ९५ सभासदांमागे सुमारे ६,००० लोकांच्या सह्या होत्या. मतपेटीची वहिवाट नसलेल्या काळात न्यायालयातील एक नित्याचा दस्तऐवज अशा रीतीने लोकप्रतिनिधित्वाचे साधन बनला. सभेला संस्थानिकांचा आश्रय मिळाला, न्यायमूर्ती रानडे १८७१ मध्ये पुण्यास आल्यावर तिला अभ्यासू मार्गदर्शन लाभले. तथापि तिच्या पायाशी ही वकिली रीत होती, हे विसरता येत नाही.

१ जानेवारी १८७७ च्या दिल्ली दरबाराच्या प्रसंगी काका सभेच्या वतीने उपस्थित राहिले, ते स्वतः कातलेल्या सुताची खादी परिधान करून. दक्षिणेत त्या वेळी भीषण दुष्काळ पडला होता. जुन्या अर्थाचा वकील येथे पुन्हा दिसतो. त्याचा वेशही त्याच्या पक्षाचे निवेदन करीत होता. पुढे १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांच्यावर पुण्यात खटला चालला, तेव्हा त्यांचे वकीलपत्र काकांनी स्वीकारले. पुण्यातील पुढाऱ्यांवर सरकारची वक्रदृष्टी असताना सनदशीर मार्गाच्या पुरस्कर्त्याने सशस्त्र बंडाच्या नायकाची बाजू मांडावी, यात विसंगती पाहण्याचे कारण नाही. बंडाचा मार्ग मान्य नसला तरी आरोपीचे म्हणणे न्यायासनापुढे यथाविधि मांडले गेलेच पाहिजे, हे त्यांच्या व्यवसायाचेच तत्त्व होते. या खटल्यानंतर वर्षाच्या आतच काका निवर्तले.

तिसरा शब्द 'सार्वजनिक'. संस्कृत व्याकरणपरंपरेनुसार त्याचा अर्थ 'सर्व जनांस हितकर' असा आहे. सभेच्या नावातून तो काकांच्या नावाला जडला आणि नात्याचा शब्द एका शहराचा झाला. मात्र या 'सर्व जनां'त कोणाचा समावेश होत होता, हा प्रश्न टाळता येत नाही. सभेचे सभासद मुख्यतः सरदार, इनामदार, सावकार, वकील व सुशिक्षित अशा वरच्या थरांतील होते. कुणबी आणि कारागीर यांच्या मुखत्यारीचा अंश तीत अल्प होता. १८७३ मध्ये त्याच पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन करणाऱ्या जोतीराव फुले यांनी सभेवर कठोर टीका केली. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाचे नाव 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' असे आहे. एकाच शब्दावर दोन पक्षांनी हक्क सांगितला, ही बाब अर्थेतिहासाच्या अभ्यासकाने अवश्य ध्यानात घ्यावी.

काकांच्या कार्याची ही मर्यादा नोंदविल्याने त्यांचे मोल उणे होत नाही. जो स्वतःस लोकांचा प्रतिनिधी म्हणवितो त्याने लोकांची सही दाखवावी, हा दंडक त्यांनी घालून दिला. सभेने कोणाच्या सह्या घेतल्या आणि कोणाच्या घेतल्या नाहीत, हे आज आपण विचारू शकतो, ते या दंडकाच्याच आधारे.