ब्रशाविना दाढी



बंगळूरच्या पोस्टिंगमध्ये रविवार मोकळा मिळाला की मी मेट्रो पकडून जे. पी. नगरला जातो. आमच्या पलटणीचे एक जुने सुभेदार साहेब तिथं लेकीकडे राहतात. वय ऐंशीच्या पुढं, भरती बेळगावच्या मराठा सेंटरमधली. मी फौजेत आलो त्याच्या कितीतरी आधी ते पेन्शनवर गेले होते. पण पलटण एक म्हणजे घर एक. नाव लिहायचं नाही असं त्यांनी बजावलंय, म्हणून इथं नुसते साहेब.

दोन महिन्यांपूर्वी गेलो तर ताईंनी दार उघडलं आणि हळूच म्हणाल्या, "भाऊ, बाबा आज बाहेर येणार नाहीत. दाढी झाली नाही म्हणतात."

आत गेलो. साहेब भिंतीकडे तोंड करून बसलेले. गालावर चार दिवसांचे पांढरे खुंट. गेल्या वर्षी त्यांना झटका आला, तेव्हापासून उजव्या हाताची पकड गेलीय. ब्रश धरून घोटता घोटता फेस होतो तोवर हात थकतो, आणि मग रेझर हातात घेतला की थरथरतो. दोनदा हनुवटी कापली. जावई न्हाव्याला घरी बोलवायला तयार होते, इलेक्ट्रिक मशीनही आणून दिलं. पण "मशीन म्हणजे दाढी नाही, गवत कापणं," असं साहेबांचं म्हणणं. दुसऱ्याच्या हातून दाढी करून घेणं तर त्याहून नको.

मी म्हटलं, "साहेब, ब्रश सोडून द्या. क्रीम बोटांनी लावा."

ते वळले आणि माझ्याकडे असे बघितले की मला परेड ग्राउंड आठवलं. "ती कामचोरांची दाढी. फॉल-इनला उशीर झालेला रंगरूट तशी करतो."

खरं आहे, आपण सगळ्यांनी कधी ना कधी तशी केलीय. उत्तरेतल्या एका पोस्टवर सकाळी माझा ओला ब्रश लाकडासारखा कडक व्हायचा, तेव्हा मीही बोटांवर आलो. पण ही कामचोरी नव्हे, हे साहेबांना पटवायला मला इतिहास सांगावा लागला. तोच इथं लिहितोय.

फौजेचा आणि दाढीचा आजचा संबंध पहिल्या महायुद्धात घट्ट झाला. त्याआधी ब्रिटिश सैन्यात वरचा ओठ भादरायलाच बंदी होती, मिशी ठेवणं हा नियम होता. ऑक्टोबर १९१६ मध्ये तो रद्द झाला. एप्रिल १९१५ मध्ये ईप्रच्या लढाईत जर्मनांनी क्लोरीन वायू सोडला होता आणि गॅस मास्क आले होते. मास्कची कड चेहऱ्याला घट्ट बसायची तर मधे दाढीचे केस नकोत. १९१८ मध्ये अमेरिकेच्या सरकारनं आपल्या जवानांसाठी जिलेटचे सुमारे ३५ लाख सेफ्टी रेझर मागवले. रोज स्वतःची दाढी स्वतः करणारा शिपाई तिथून सर्रास दिसू लागला.

रेझरसोबत ब्रशही लागायचा, आणि घात तिथं झाला. चांगले ब्रश बिज्जूच्या केसांचे. ते केस रशियाकडून यायचे आणि जर्मनी, फ्रान्समध्ये साफ होऊन पुढं जायचे. लढाईनं ती वाट बंद केली. मग पूर्वेकडून आलेल्या घोड्याच्या केसांचे स्वस्त ब्रश बिज्जूचे म्हणून खपू लागले. ते केस नीट निर्जंतुक केलेले नसत. त्यातल्या काहींमध्ये अँथ्रॅक्सचे बीजाणू होते. आपल्याकडे गुरांची काळपुळी म्हणतात, तोच हा रोग. दाढी करताना गालाला बारीकशी चीर पडली की बीजाणू आत. ब्रिटन आणि अमेरिकेत मिळून दोनशेहून अधिक माणसांना ब्रशामुळे हा रोग झाला. त्यात बरेचसे सैनिक होते आणि काही जण दगावले. खंदकापासून दूर, छावणीत, आरशासमोर! आजच्या ब्रशांना घाबरायचं कारण नाही, पण ब्रश म्हणजे शिस्त आणि बोटं म्हणजे आळस, हे गणित तेव्हाच चुकलं होतं.

त्याच लढाईनं बंगळूरलाही साबण दिला. म्हैसूर संस्थानातलं चंदन तेल काढायला जर्मनीला जायचं. युद्धानं समुद्र बंद झाला आणि ओंडके पडून राहिले. तेव्हा नालवडी कृष्णराज वडियार महाराज आणि दिवाण विश्वेश्वरय्या यांनी १९१६ मध्ये बंगळुरातच तेल काढायला सुरुवात करवली आणि १९१८ पासून साबण निघू लागला. साहेबांच्या मोरीत आजही तोच म्हैसूर सँडल असतो. एक वाट बंद झाली की दुसरी काढायची, हा काही कामचोरपणा नव्हे.

ब्रशाविना दाढीचं क्रीम त्या भीतीतून जन्मलं असं मात्र नाही. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकातच 'लॉइड्स युक्सेसिस' नावाचं तसलं क्रीम विकलं जाई. १९१९ मध्ये अमेरिकेत फ्रँक शील्ड्स या माजी प्राध्यापकानं 'बार्बासोल' काढलं, कारण फेसाच्या साबणानं कातडी जळजळते अशी तक्रार होती. १९२५ मध्ये 'बर्मा-शेव्ह' आलं. रस्त्याकडेला ओळीनं लावलेल्या छोट्या पाट्यांवर एकेक ओळ लिहून त्यांनी जाहिरात केली आणि ती १९६३ पर्यंत चालली.

आता कामाचं. दाढीचा केस मऊ करतं ते पाणी. केस पाणी पितो, फुगतो, मग पात्याला कमी जोर लागतो. फेस ते पाणी केसापाशी धरून ठेवतो, एवढंच. ब्रशलेस क्रीममध्ये साबण थोडा असतो. स्टिअरिक ॲसिड आणि तेल पाण्यात एकजीव केलेलं, व्हॅनिशिंग क्रीमच्या जातीचं. फेस येत नाही, वंगणाचा थर बसतो. पण हे क्रीम चेहऱ्याचं तेल काढत नाही, म्हणून आधी साबणानं तोंड धुवावं लागतं.

पद्धत अशी. कोमट पाण्यानं आणि साबणानं तोंड धुवायचं, पुसायचं नाही. दोनतीन मिनिटं ओलं राहू द्यायचं. मग बोटांनी पातळ थर पसरायचा, चोळून जिरवायचा नाही. रेझर हलका फिरवायचा आणि दर दोन ओढींनंतर पाण्यात खळखळायचा, कारण हे क्रीम पात्यात अडकतं. ट्यूबवर 'ब्रशलेस' लिहिलेलं नसेल, नेहमीचं फेसाचं क्रीम असेल, तरी ओल्या तळहातावर चोळून लावलं की काम भागतं. फेस थोडा येतो, तेवढा पुरतो.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे ब्रशात जी ताकद जाते, ती रेझरसाठी वाचते?"

"तेच सांगतोय, साहेब."

"मग आधी तेच सांगायचं होतं. घोड्याचे केस कशाला आणलेस मधे?"

त्या दिवशी त्यांनी मला मोरीच्या दारात उभं केलं, आत येऊ दिलं नाही. वीस मिनिटं लागली. एकदा रेझर बादलीत पडल्याचा आवाज आला, तेव्हा ताई पुढं सरसावल्या. आतून आवाज आला, "कुणी येऊ नका."

गेल्या रविवारी गेलो तर दार साहेबांनीच उघडलं. डाव्या कानाखाली एक पट्टा राहिला होता. तो मला दिसला, ताईंनाही दिसला असणार. साहेबांनी छाती काढून विचारलं, "टर्नआउट कसा आहे?"

"ए वन, साहेब."

त्यांचा जुना ब्रश मोरीच्या फळीवर अजून आहे, कोरडा. काढून टाकू का, असं ताईंनी विचारलं होतं. राहू दे म्हणाले.

तुमच्या ओळखीत असा कुणी जुना फौजी असेल, हात चालत नाही म्हणून आरशासमोर जायचं टाळत असेल, तर एक ट्यूब घेऊन जा. सांगायला इतिहास लागलाच, तर वर लिहिलाय.

जय हिंद.